ताई, नफा दिसतोय, मग पैसे कुठं गेले?

साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात दोन लेथ, एक सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन आणि सहा कामगार आहेत. पंपांना लागणारे स्टीलचे छोटे पार्ट तिथं तयार होतात. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांचे हिशेब मी बरीच वर्षं बघते. एका एप्रिलमध्ये मी वर्षाचा ताळेबंद त्यांच्यापुढं ठेवला, १२ लाखांचा नफा दाखवला आणि त्यांचं अभिनंदन केलं. काकांनी हात पुसले, फोनवर बँकेचा मेसेज उघडला आणि माझ्यासमोर धरला. शिल्लक ४१ हजार. पगार दोन दिवसांवर. ते म्हणाले, "ताई, नफा दिसतोय, मग पैसे कुठं गेले?"

त्या दिवशी त्यांना दिलेलं उत्तर अपुरं होतं, म्हणून आज इथं सविस्तर लिहिते आहे. मार्च जवळ आला की ४५ दिवसांत पैसे देण्याच्या नियमाची चर्चा सुरू होते, ट्रेड्सच्या, म्हणजे बिलं ऑनलाइन विकण्याच्या सोयीच्या, बातम्या येतात, आणि छोट्या कारखानदारांचे फोन येतात की यात आपल्यासाठी काय आहे. नियम समजून घ्यायचे तर आधी काकांचा प्रश्न समजायला हवा.

टाकी लहान, नळ मात्र दिवसभर चालू

आपल्या बिल्डिंगमध्ये महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं. ते खालच्या टाकीत साठतं, पंपानं वर चढतं आणि मग दिवसभर नळाला मिळतं. उद्या पहाटे पाणी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण टाकी लहान असेल तर आज दुपारी नळ कोरडाच पडतो. मग सोसायटी टँकर मागवते आणि टँकरवाला सांगेल तो भाव देते.

धंद्यात पैसा असाच येतो, ठरलेल्या वेळी आणि बहुतेकदा ठरलेल्या वेळेच्याही नंतर. खर्चाचा नळ मात्र रोज चालू असतो. पगार, वीज, भाडं, कच्चा माल. पैसा जाणं आणि पैसा येणं यांच्यामधले दिवस निभावून नेणाऱ्या टाकीला खेळतं भांडवल म्हणतात. नेमकं सांगायचं तर, मालात आणि गिऱ्हाइकाकडच्या उधारीत अडकलेला, पण फिरून परत येणारा पैसा. मशीनमध्ये घातलेला पैसा वेगळा, तो वर्षानुवर्षं तिथंच राहतो. हा मात्र सतत फिरायला हवा.

सगळ्याच धंद्यांना मोठी टाकी लागत नाही. लोकलचा पास काढताना आपण महिन्याचे पैसे आधी देतो आणि प्रवास नंतर करतो, म्हणजे रेल्वेच्या हातात पैसे आधी येतात. घरी पेपर टाकणारा मात्र महिनाभर पेपर टाकतो आणि बिल पुढच्या महिन्यात आणतो. मेहनत दोघांचीही असते, पण तीस दिवसांचा भार एकट्या पेपरवाल्यावर पडतो. काका या पेपरवाल्याच्या जागी आहेत. फरक एवढाच की त्यांचं बिल तीस दिवसांत सुटत नाही.

पैसा किती दिवस बाहेर असतो?

काकांची महिन्याची विक्री १० लाख आणि सगळा मिळून खर्च ९ लाख. म्हणजे दिवसाला ३० हजार रुपये हातातून जातात. आता एका रुपयाच्या मागोमाग चालू या. कळंबोलीच्या बाजारातून स्टीलचे बार येतात आणि सरासरी २० दिवस गाळ्यात पडून राहतात. टर्निंग, प्लेटिंग, तपासणी यांत आणखी ५ दिवस जातात. तयार माल गाडी भरेपर्यंत ५ दिवस थांबतो. मग बिल निघतं आणि पार्टीचे, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचे, पैसे ७५ दिवसांनी येतात. एकूण १०५ दिवस. स्टीलवाला काकांना १५ दिवसांची उधारी देतो, ते वजा केले की ९० उरले.

काकांचा प्रत्येक रुपया असा ९० दिवस बाहेर असतो. या ९० दिवसांना रोजच्या ३० हजारांनी गुणलं की २७ लाख होतात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण पगार काही पहिल्याच दिवशी जात नाही आणि भाडं महिन्यातून एकदाच जातं. पण आकाराचा अंदाज यायला तेवढा पुरतो. वर्षाचा नफा १२ लाख आणि अडकलेले २७ लाख. पैसे कुठं गेले याचं उत्तर हे आहे. काही लोखंडाच्या रूपात रॅकवर पडलेत आणि बाकीचे पार्टीच्या खात्यात आहेत.

नफ्याचा हिशेब बिल काढल्याच्या दिवशी होतो आणि बँकेतली शिल्लक पैसे आल्याच्या दिवशी वाढते. ताळेबंद खोटा नव्हता. पण "येणे" म्हणून लिहिलेल्या रकमेतून कामगाराचा पगार देता येत नाही, आणि हे मी अभिनंदन करण्याआधी काकांना सांगायला हवं होतं.

काम वाढलं तर चणचण संपेल ना?

उलट वाढेल, आणि लोक सर्वात जास्त इथंच फसतात. समजा काकांना दुप्पट ऑर्डर मिळाली. बाकी काहीच बदललं नाही तर ९० दिवस तेच, पण रोजचा खर्च ६० हजार. म्हणजे ५४ लाख लागणार. नवे २७ लाख आणायचे कुठून? नफा महिन्याला १ लाखाचा २ लाख झाला, पण तोही पहिले तीन महिने कागदावरच राहणार.

हातात काम आहे, मशीन तीन पाळ्यांत चालतंय, आणि तरी मालक व्याजानं पैसे उचलतोय, असे गाळे मी अंधेरीपासून वसईपर्यंत पाहिलेत. महिना २ टक्के हा तसा कमीच मानला जाणारा दर. तोच आपला टँकर. काकांची विक्रीतली कमाई १० टक्के आहे. ७५ दिवसांच्या उधारीसाठी महिना २ टक्क्यांनी पैसे उचलले तर त्यातले ५ टक्के व्याजात गेले. अर्धी मेहनत सावकारासाठी झाली. म्हणून मोठी ऑर्डर आली की भावाच्या आधी दिवस विचारा, असं मी प्रत्येकाला सांगते.

उलट दिशेनं हाच हिशेब आनंद देणारा आहे. काकांच्या धंद्यात एक दिवस कमी झाला की ३० हजार मोकळे होतात. स्टीलचा साठा २० दिवसांवरून १२ वर आणला तर २ लाख ४० हजार. पार्टीचे ७५ दिवस ६० झाले तर साडेचार लाख. कर्ज नाही, व्याज नाही. साठा कमी करायला काकांना फार काही करावं लागलं नाही. रॅकच्या मागच्या बाजूला तीन वर्षांपूर्वीच्या एका ऑर्डरचे बार गंज खात पडले होते. ते आम्ही दोघांनी मिळून मोजले आणि त्यांनी ते विकून टाकले.

तिसरा रस्ता, म्हणजे आपण ज्यांना पैसे देतो त्यांना उशिरा देणं, मला सरसकट मान्य नाही. स्टीलचा मोठा व्यापारी दहा दिवस जास्त द्यायला तयार असेल तर जरूर घ्या. पण काका ज्याच्याकडून प्लेटिंग करून घेतात तो त्यांच्याहून लहान आहे. वरून आलेला ताण तसाच खाली ढकलला तर शेवटी तो एखाद्या हेल्परच्या घरभाड्यावर जाऊन पडतो.

बँक कशासाठी आहे मग?

याच कामासाठी आहे. बँक कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खातं देते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढा, आले की भरा, आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज द्या. मर्यादा ठरवण्याची जुनी सोपी पद्धत नायक समितीच्या नावानं ओळखली जाते. रिझर्व्ह बँकेनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेमलेल्या या समितीनं सांगितलं की लहान उद्योगाला वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरा. त्यातले २० टक्के बँकेनं द्यावेत आणि ५ टक्के मालकानं घालावेत. काकांची विक्री वर्षाला १ कोटी २० लाख, म्हणजे बँकेचे २४ लाख आणि त्यांचे ६ लाख.

पण २५ टक्के म्हणजे वर्षाचा पाव भाग, तीन महिने, हे लक्षात घ्या. पैसा ९० दिवसांत फिरून येतो असं या सूत्रात धरलेलं आहे. तुमचे दिवस १३० असतील तर सूत्रानुसार मिळालेलं कर्ज अपुरंच पडणार आणि दोष बँकेला देऊन उपयोग नाही. जास्त दिवस लागतात हे आकड्यांनिशी दाखवून जास्त मर्यादा मागता येते. त्यासाठी आधी आपले दिवस आपल्याला माहीत हवेत.

दुसरी मेख ड्रॉइंग पॉवरची. मर्यादा २४ लाख मंजूर झाली म्हणून दर महिन्याला २४ लाख काढता येतातच असं नाही. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यातला माल आणि येणी यांतून बँक आपलं मार्जिन, बहुधा २५ टक्के, कापते आणि उरेल तेवढेच पैसे काढू देते. शिवाय ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बहुतेक बँका धरतच नाहीत. आता काय होतं बघा. पार्टीनं पैसे रखडवले, बिल ९० दिवसांपलीकडं गेलं, की ते बँकेच्या हिशेबातून गळतं आणि ड्रॉइंग पॉवर खाली येते. ज्या महिन्यात पैशांची सर्वात जास्त गरज, त्याच महिन्यात बँकेचा हात आखडतो. कर्ज मिळालं की प्रश्न सुटला, असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी दाखवते. पार्टीची उधारी वसूल करण्याला कर्ज हा पर्याय नाही.

तारण नसल्यामुळं अडलं असेल तर सीजीटीएमएसई या सरकारी हमी न्यासाच्या योजनेबद्दल बँकेत विचारा. २००० साली स्थापन झालेला हा न्यास लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देतो. त्यासाठी हमीशुल्क लागतं. आणि ही हमी बँकेसाठी असते. कर्ज आपल्यालाच फेडायचं असतं.

न आलेल्या पैशांवरही कर

जीएसटी बिलावर लागतो, पैसे येण्याची तो वाट बघत नाही. काकांनी महिन्यात १० लाखांची बिलं काढली की त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार कर झाला. ६ लाखांच्या स्टीलवर आधीच दिलेले १ लाख ८ हजार वजा केले की ७२ हजार उरतात, ते पुढच्या महिन्यात २० ते २५ तारखेच्या दरम्यान भरायचे. पार्टीचे पैसे तोवर आलेले नसतात. म्हणजे पार्टीचा करही काही आठवडे काकांच्या खिशातून जातो.

या कायद्यात काकांच्या बाजूची एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पार्टीनं पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर तिनं घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, तिला व्याजासह परत करावं लागतं. पाच महिने झालेल्या बिलाची आठवण करताना पत्रात एवढंच लिहा की १८० दिवस अमुक तारखेला पूर्ण होतात. पार्टीचा अकाउंटंट ते पत्र बाजूला ठेवणार नाही.

४५ दिवसांचा नियम नेमका काय?

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यात हा नियम आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढं ते चालत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के.

वीस वर्षांपूर्वीचा हा नियम अचानक बातम्यांत आला तो प्राप्तिकरामुळं. २०२३ च्या वित्त कायद्यानं ४३बी (एच) हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपताना ते थकलेलेच असले, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. १० लाख थकवले तर तेवढा नफा जास्त धरला जातो आणि ३० टक्के कर भरणाऱ्याला ३ लाखांचा फटका बसतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे सुटतात. मे महिन्यातलं बिल सप्टेंबरमध्ये दिलं तर मात्र या नियमाचा धाक नाही, कारण वर्ष संपलेलं नसतं. वर्षभराची शिस्त यातून आलेली नाही, हे कबूल करायला हवं.

संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिरा येणाऱ्या पैशांबद्दलचं हे संरक्षण त्यांना मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत आणि उलाढालीत १०० कोटींपर्यंत झाली आहे, त्यामुळं बरेच कारखाने यात बसतात. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि ती माल देण्याआधी करा. मागाहून केलेल्या नोंदणीवरचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. नोंदणी क्रमांक बिलावर ठळक छापा. आणि प्लेटिंगवाला नोंदणीकृत असेल तर हा नियम काकांनाही लागू आहे.

"नियम दाखवला तर पार्टी नोंदणी नसलेल्याकडं जाईल," ही भीती २०२४ मध्ये अनेक व्यापारी संघटनांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. ती खोटी नाही. मोठा घेणारा आणि लहान देणारा यांच्यात ताकद सारखी नसते, आणि तक्रार करणारा बहुधा पुढची ऑर्डर सोडून देण्याची तयारी ठेवूनच करतो. म्हणून सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडं, म्हणजे थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडं, दाद मागणं हा शेवटचा उपाय आहे. पण परिषदेनं निवाडा दिल्यावर त्याला आव्हान द्यायचं तर घेणाऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, एवढी धार त्याला आहे. ज्या पार्टीशी संबंध संपलेलाच आहे तिच्यासाठी तो जरूर वापरा.

ट्रेड्सवर बिल विकायचं म्हणजे?

ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारी ऑनलाइन बाजारपेठ. आपलं बिल तिथं चढवायचं, घेणाऱ्या कंपनीनं ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वात कमी व्याज सांगणाऱ्या बँकेकडून एक-दोन दिवसांत पैसे येतात. मुदत संपल्यावर कंपनी ते पैसे बँकेला देते. कंपनीनं बुडवले तरी बँक आपल्याकडं मागायला येत नाही. व्याजाचा दर ठरतो तो त्या मोठ्या कंपनीची पत बघून, म्हणून तो स्वस्त पडतो. १० लाखांचं बिल ६० दिवसांसाठी ९ टक्क्यांनी विकलं तर साधारण १४,८०० रुपये जातात. महिना २ टक्क्यांच्या सावकाराकडं तेच ४० हजार.

अडचण आहे ती कंपनीच्या मान्यतेची. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणी करणं आणि बिलं मान्य करणं या दोन गोष्टी आहेत. ऑर्डर घेताना, भाव ठरतानाच विचारा: तुम्ही ट्रेड्सवर आमची बिलं मान्य करता का? त्या वेळी आपल्या शब्दाला थोडं वजन असतं, माल पोचल्यावर ते राहत नाही.

लवकर पैसे दिले तर २ टक्के सूट, हा बाजारातला जुना रिवाजही तपासून घ्या. ६० ऐवजी १० दिवसांत पैसे मिळवायला २ टक्के सोडले, तर ५० दिवसांचं ते व्याज वर्षाला जवळपास १५ टक्के पडतं. सावकारापेक्षा बरं, सीसीपेक्षा बहुधा महाग.

आमचा तर रोखीचा धंदा

तरी दिवस मोजा. लालबागला मसाल्याचं दुकान असेल तर गिऱ्हाईक रोख देतं, पण मिरची हंगामात एकदम भरावी लागते. तिथं पैसा उधारीऐवजी पोत्यांत अडकतो.

तगादा लावला तर पार्टी तुटेल

काका मला हेच म्हणाले होते. मी त्यांना म्हटलं, पैसे मागू नका, बिलाची चौकशी करा. माल गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन: माल उतरला का, मालासोबतचं चलन मिळालं का, बिलाची नोंद झाली का? दहाव्या दिवशी पुन्हा: तपासणी झाली का, बिल अकाउंटला गेलं का? काका फोन करायला कचरत होते, म्हणून पहिले दोन महिने हे काम त्यांच्या सुनेनं केलं. तिनं एका वहीत प्रत्येक बिलापुढं तारखा लिहिल्या.

त्यातून समजलं ते मलाही नवं होतं. एका मोठ्या पार्टीकडं ७५ दिवसांपैकी सरासरी १८ दिवस बिल स्टोअरच्या टेबलावरच पडून असायचं. काका बिलावर ऑर्डरचा जुना क्रमांक टाकत होते, पार्टीनं तो एप्रिलमध्ये बदलला होता, आणि स्टोअरचा माणूस दर वेळी तो जुळवायला बसायचा. त्या पार्टीकडं उधारीचे दिवस मोजणं सुरू व्हायचं ते बिल स्टोअरमधून पुढं गेल्यावर. सुनेनं नवा क्रमांक मागवून घेतला आणि बिलाच्या फॉरमॅटमध्ये टाकला. पुढचं बिल तिसऱ्या दिवशी अकाउंटला पोचलं.